आवडता काऊबॉय कोणता? (आणि त्याच्याकडे गाय होती का?)

खोगीर

मंडळी, गेल्या आठवड्यात घर रंगवायला काढलं तेव्हा माळ्यावर वडिलांची एक लांबट वही सापडली. पोस्टातली नोकरी, त्यामुळे रकाने आखलेले: तारीख, टॉकीज, सिनेमा, तिकीट, शेरा. शेरा चार-पाच शब्दांत आटोपलेला. 'मॅकेनाज गोल्ड'पुढे लिहिलंय, "गर्दी फार. शेवटी भूकंप. घोडे उत्तम." 'मॅग्निफिसंट सेव्हन'पुढे, "टकल्या झकास. घोडे उत्तम." 'हाय नून'पुढे, "घोडे कमी. घड्याळं फार." हा गृहस्थ जन्मात एकदाच घोड्यावर बसला, तोही माथेरानला, आणि उतरताना घोडेवाल्याच्या गळ्यात पडला होता.

मी त्यांच्याबरोबर अलकाला मॅटिनीला जायचो. मला इंग्रजी कळायचं नाही. ते कानात भाषांतर करायचे आणि मागचा कुणीतरी "काका, आवाज" म्हणून ओरडायचा. खरं तर भाषांतराची गरज फारशी नसायचीच. माणूस दारातून आत आला, पियानो थांबला, एवढ्यावर सगळं समजायचं.

तर वही वाचून झाली आणि म्हटलं, धागा काढू. तुमचा आवडता काऊबॉय कोण? नट आणि भूमिका दोन्ही सांगा.

माझा पहिला नंबर 'द सर्चर्स'मधला (१९५६) जॉन वेन. ईथन एडवर्ड्स हा माणूस म्हणून अजिबात आवडण्यासारखा नाही. आकसाने भरलेला, पुतणीला वर्षानुवर्षं शोधतोय, आणि सापडली तर तिला घरी आणेल की गोळी घालेल याची आपल्याला खात्री नसते. पण शेवटचा शॉट बघा. कॅमेरा घराच्या आत, अंधारात. दाराच्या चौकटीतून बाहेरचं ऊन दिसतंय. सगळे एकेक करून आत येतात. वेन बाहेरच थबकतो, डाव्या हाताने उजवा कोपर धरतो, क्षणभर उभा राहतो आणि वळून चालायला लागतो. दार बंद. ती कोपर धरायची लकब हॅरी कॅरी या मूकपटांच्या काळातल्या काऊबॉय नटाची होती. तो तेव्हा हयात नव्हता, आणि त्याची बायको ऑलिव्ह कॅरी याच सिनेमात त्या घराची मालकीण झालेली आहे. हे कळल्यापासून मला तो शॉट कोरड्या डोळ्यांनी बघता आलेला नाही.

दुसरा नंबर 'मॅग्निफिसंट सेव्हन'चा जेम्स कोबर्न. अख्ख्या सिनेमात जेमतेम दहा-बारा वाक्यं. पहिल्याच प्रसंगात टोपी डोळ्यांवर ओढून डुलकी काढतोय. एकजण पैज लावायला येतो, माझं पिस्तूल आधी की तुझा सुरा. हा उठतो, सुरा मारतो, विषय संपतो.

आता तुम्ही.

सडाफटिंग

रुमाल वगैरे नाही, खुर्चीच टाकून बसतो.

क्लिंट ईस्टवूड. दुसरं नाव घेणाऱ्याने आधी 'गुड, बॅड अँड द अग्ली'चा शेवट परत बघून यावा. 'बिननावाचा माणूस' म्हणतात पण नाव आहे त्याला, दिग्दर्शक सर्जिओ लिओनीच्या तिन्ही सिनेमांत वेगवेगळं: जो, मोंको, ब्लाँडी. तोंडात कायम तो काळा चिरूट, आणि स्वतः ईस्टवूड बिडी-सिगरेट न ओढणारा! चेहऱ्यावर जो त्रासिक भाव आहे त्यातला निम्मा त्या चिरुटामुळेच असणार असं माझं मत.

हे सिनेमे अमेरिका-मेक्सिकोत घडतात आणि चित्रित झालेत मुख्यतः स्पेनमध्ये हे बहुतेकांना माहीत असेल. मी मुद्दाम जाऊन आलो. आल्मेरियाजवळ ताबेर्नासच्या वाळवंटात ते लाकडी सेट अजून आहेत, पर्यटकांसाठी खोटे दरोडेही पडतात. पण मला बघायची होती ती 'गुड, बॅड'चा शेवट जिथे घडतो ती सॅड हिलची दफनभूमी. ती वर तिकडे बुर्गोस प्रांतात. सिनेमासाठी स्पॅनिश सैनिकांकडून हजारो खोट्या कबरी करून घेतल्या होत्या. नंतर सगळं गवताखाली गेलं. २०१५ मध्ये चाहत्यांनी कुदळी-फावडी आणून मधलं दगडी वर्तुळ मोकळं करायला सुरुवात केली. मी त्या वर्तुळाच्या मधोमध उभा राहिलो, मोबाइलवर मोरिकोनेचं त्या सिनेमाचं संगीत लावलं आणि त्यातल्या टुकोसारखा पळत सुटलो. दीड फेरीत चक्कर आली. कबरीवर बसून पाणी प्यायलो.

आणि तो पूल उडवायचा प्रसंग! इशाऱ्यात घोळ झाला आणि कॅमेरे चालू व्हायच्या आधीच पूल उडाला. सैन्याने तो पुन्हा बांधून दिला, मग पुन्हा उडवला. आपण बघतो तो दुसरा पूल.

टोपीवाला

ली मार्विन, 'कॅट बलू' (१९६५). दारुडा बंदूकबाज आणि त्याच्याइतकाच झिंगलेला घोडा, पाय तिढा घालून भिंतीला टेकलेला. ऑस्कर घेताना मार्विन म्हणाला की यातलं अर्धं बक्षीस एका घोड्याचं आहे. खोगीरराव, तुमच्या वडिलांना पटलं असतं.

अळूचं_फदफदं

वहीचे शेरे टाका अजून. त्यापुढे आजकालचे समीक्षक फिके आहेत.

'सर्चर्स'बद्दल मात्र माझी तक्रार आहे. त्यातला कोमान्चे या मूळ अमेरिकन जमातीचा सरदार स्कार केलाय हेन्री ब्रँडनने. जन्म बर्लिनचा, डोळे निळे. बाकीचे 'कोमान्चे' म्हणजे मॉन्युमेंट व्हॅलीतले नावाहो, वेगळ्याच जमातीचे लोक, ते त्यांच्या भाषेत बोलतायत आणि आपण कोमान्चे समजून घ्यायचं. ईथनचा द्वेष दाखवायचा आहे हे कळतं मला, पण ज्यांचा द्वेष करायचा त्यांना एक धड नट तरी द्या की.

माझं मत हेन्री फोंडाला, 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८). आयुष्यभर सज्जन माणसं केलेला नट. खलनायक म्हणून तपकिरी लेन्स घालून, मिशा वाढवून सेटवर आला. लिओनीने दोन्ही काढायला लावलं. त्याला ते निळे डोळेच हवे होते. एका कुटुंबाची कत्तल होते, एक लहान पोर उरतं, कॅमेरा मारेकऱ्याभोवती फिरून समोर येतो आणि आपल्याला दिसतो हेन्री फोंडा! 'शोले'त ठाकूरच्या घरी जे होतं त्याचं मूळ इथे आहे.

माणदेशी_गडी

पहिल्यांदाच लिहितोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

काऊबॉय म्हणजे गुराखीच ना? मग वरच्या सगळ्या यादीत गुरं कुठायत? ईथन एडवर्ड्स लढाईवरून आलेला शिपाई. ईस्टवूडचा माणूस बक्षिसाच्या पैशावर जगतोय. ते सातजण भाडोत्री बंदूकवाले. 'हाय नून'वाला तर फौजदारच. फोंडा रेल्वेवाल्याचा मारेकरी. आमच्या आटपाडीकडं ज्याच्या दावणीला जनावर नाही किंवा जो दुसऱ्याचं तरी वळत नाही, त्याला गुराखी म्हणत नाहीत. आमच्या घरात खिलार आहेत, म्हणून विचारलं.

टोपीवाला

या हिशेबाने पहिला काऊबॉय श्रीकृष्ण. हार्मोनिकाऐवजी बासरी.

अळूचं_फदफदं

आणि जोडीदार पेंद्या. चित्रीकरण गोकुळात. मी तिकीट काढलं.

बाराखडी

विनोद पुरे, माणदेशींनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंय.

खऱ्या काऊबॉयचा काळ उणापुरा वीस वर्षांचा. अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ ला संपलं. टेक्सासात मोकाट लाँगहॉर्न गुरं उदंड होती आणि गिऱ्हाईक उत्तरेत. मग कळप हाकत कॅन्ससमधल्या अ‍ॅबिलीनसारख्या रेल्वेच्या गावी न्यायचे. चिशोम ट्रेल म्हणतात ती हीच वाट. अडीच-तीन हजार जनावरांमागे साधारण डझनभर माणसं, दिवसाला दहा-पंधरा मैलांची चाल. सगळ्यात मागे चालणाऱ्याच्या वाट्याला सगळ्यांची धूळ, तिथे नवशिक्या पोरांना टाकायचे. गळ्यातला तो रुमाल स्टाइलसाठी नव्हता. रात्री पहारेकरी कळपाभोवती घोडा फिरवत गाणी म्हणायचे, जनावरं शांत राहावीत म्हणून. पुढे काटेरी तारांची कुंपणं आली, रूळ टेक्सासपर्यंत पोचले, १८८६-८७ च्या हिवाळ्यात उत्तरेकडची गुरं गोठून मेली, आणि खेळ संपला.

शिवाय ही विद्या मुळात मेक्सिकन वाकेरोंची, म्हणजे तिकडच्या गुराख्यांची. लासो (फासाचा दोर), रोडिओ (गुराख्यांच्या कसरतींचे सामने), रँच, मस्टँग, हे सगळे शब्द स्पॅनिशमधून आलेत. आणि इतिहासकारांच्या अंदाजाने दर चार काऊबॉयमागे एक कृष्णवर्णीय होता. पडद्यावर तो प्रमाणात कधी दिसला? 'सर्चर्स'चा दिग्दर्शक जॉन फोर्ड, त्याच्या सिनेमांतला वूडी स्ट्रोड आठवतो, 'बक अँड द प्रीचर'मधला (१९७२) सिडनी पॉइटिए आठवतो, आणि आठवायला लागतं यातच सगळं आलं.

गुरांसकट काऊबॉय हवा असेल तर हॉवर्ड हॉक्सचा 'रेड रिव्हर' बघा, १९४८. जॉन वेन टॉम डन्सन, मॉन्टगोमेरी क्लिफ्ट त्याचा मानलेला मुलगा. सुरुवातीला यांच्याकडे एक वळू आणि त्या पोराची एक गाय एवढंच भांडवल. चौदा वर्षांनी जवळपास दहा हजारांचा कळप. वेन तेव्हा चाळिशीचा, आणि भूमिका पिकलेल्या, तिरसट माणसाची. तो बघून जॉन फोर्ड चकित झाला म्हणतात, या गड्याला अभिनय येतो हे मला माहीत नव्हतं असं काहीसं म्हणाला. याच फोर्डने त्याला १९३९ मध्ये 'स्टेजकोच'मधून वर आणलं होतं!

सडाफटिंग, तुमचा ईस्टवूडही मुळात गुराखीच हो. स्पेनला जायच्या आधी 'रॉहाइड' या टीव्ही मालिकेत वर्षानुवर्षं कळपच हाकत होता.

सडाफटिंग

मान्य. आणि 'अनफरगिव्हन'मध्ये (१९९२) डुकरं पाळतो. सुरुवातीलाच चिखलात डुकरामागे धावताना तोंडावर आपटतो. पूर्वीचा तो काळा चिरूटवाला देव आणि हा म्हातारा एकाच माणसाने करावा! ऑस्कर मिळालं ते दिग्दर्शनाचं आणि सिनेमाचं, अभिनयाचं नाही. माझ्या मते तिथे अन्याय झाला. सिनेमा अर्पण केलाय सर्जिओ आणि डॉनला, म्हणजे लिओनी आणि डॉन सीगल या त्याच्या दोन दिग्दर्शकांना.

डॅलसकर_मावशी

उशिरा आले धाग्यावर, भारतवारीत होते.

माणदेशी, तुम्ही जे म्हणालात त्याची इथे टेक्सासात म्हणच आहे. नुसत्या बाता मारणाऱ्याला म्हणतात, "नुसती टोपी, गुरं नाहीत". आमच्या ऑफिसातला एक गृहस्थ रोज उंच टाचेचे बूट आणि हातभर बक्कल लावून येतो. घरी दोन मांजरं आहेत. पैकी एकीला तो घाबरतो.

आमच्या जवळ फोर्ट वर्थला स्टॉकयार्ड्समध्ये रोज दोनदा लाँगहॉर्न गुरं रस्त्यावरून चालवत नेतात. दहा-पंधराच असतात, दिखाऊ काम आहे, पण शिंगं बघून माझ्या सासूबाईंनी नमस्कार केला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहज सहा-सात फूट. आमच्या सासूबाई कऱ्हाडच्या, बैलपोळा पाहिलेल्या. त्या म्हणाल्या, "याला झूल कुठून घालायची गं?"

माझा आवडता बेन जॉन्सन. या यादीत तो एकटा खराखुरा काऊबॉय. ओक्लाहोमातल्या रँचवर वाढलेला. हॉलीवूडला गेला तो हॉवर्ड ह्यूजच्या सिनेमासाठी घोडे पोचवायला! तिथेच राहिला, स्टंट केले, मग फोर्डने भूमिका दिल्या. 'रिओ ग्रँड'मध्ये (१९५०) दोन घोड्यांवर एकेक पाय ठेवून उभ्याने दौड करतो, कुणी डमी नाही, तो स्वतः. १९५३ मध्ये सिनेमा बाजूला ठेवून रोडिओच्या फडात उतरला आणि दोर टाकण्याच्या स्पर्धेत जगज्जेता झाला. पुढे १९७१ च्या 'लास्ट पिक्चर शो'साठी ऑस्कर, तेही एका जुन्या सिनेमाघराच्या मालकाच्या भूमिकेत.

घोड्यावर बसण्यात फरक कसा ओळखायचा ते सांगते. वेन घोड्यावर बसला की वेनच दिसतो. बेन जॉन्सन बसला की खांदे जागचे हलत नाहीत, सगळं काम कमरेखाली चालतं, आणि हातातला लगाम सैल. इथे जुनेजाणते लोक त्याचं एवढंच बघतात.

अळूचं_फदफदं

मावशी, झुलेवर मेले मी.

खऱ्यांचीच गोष्ट निघालीय तर 'द रायडर' (२०१७) बघा. क्लोई जाओचा. ब्रेडी जँड्रो हा लकोटा या मूळ अमेरिकन जमातीचा तरुण, खरा रोडिओवाला, घोड्याचा पाय डोक्यावर पडलेला, आणि तो जवळजवळ स्वतःचीच भूमिका करतोय. सोबत त्याचेच वडील आणि बहीण. एका बुजऱ्या घोड्याला तो माणसाळवतो तो प्रसंग बघावाच. हात लावतो, मागे सरतो, थांबतो, पुन्हा हात. तिथे अभिनय नाहीच, तो त्याचं रोजचं काम करतोय. म्हणजे वर मी ज्यांना धड नट द्या म्हणत होते, तेच इथे काऊबॉय आहेत.

आणि बायका? 'ट्रू ग्रिट'मधली (२०१०) हेली स्टाइनफेल्ड माझ्याकडून. कोवळी पोर, पण घोड्यांच्या सौद्यात त्या व्यापाऱ्याला घाम फोडते.

बाराखडी

'हाय नून'वर कुणीच बोललं नाही म्हणून एक गंमत. मार्शल मदतीसाठी गावात दारोदार हिंडतो हे वेन आणि हॉक्स दोघांनाही पटलं नव्हतं. चिडून त्यांनी 'रिओ ब्राव्हो' (१९५९) काढला. पण गॅरी कूपरला 'हाय नून'साठी ऑस्कर मिळालं तेव्हा कूपर हजर नव्हता, आणि त्याच्या वतीने ते घ्यायला स्टेजवर कोण गेलं असेल? जॉन वेन.

मला दोन्ही आवडतात. पण कूपरचा तो ओढलेला चेहरा, उन्हात रिकाम्या रस्त्यावर एकटा उभा आणि कॅमेरा वर वर जातोय, त्याला तोड नाही.

खोगीर

'रेड रिव्हर' शोधायला वही पुन्हा उघडली. नाही सापडला. बाबांनी बघितला नसावा किंवा लिहायचा राहिला.

पण दुसरंच एक सापडलं. 'लोनली आर द ब्रेव्ह' (१९६२), कर्क डग्लस. मी हा सिनेमा पाहिलाच नव्हता, काल रात्री बघितला. काळ आपला, म्हणजे जीप आणि हेलिकॉप्टरचा, आणि हा एकटा गडी अजून घोड्यावर. पहिल्याच प्रसंगात आभाळात विमानांच्या धुराच्या रेघा आणि खाली हा टोपीखालून वर बघतोय. हायवे ओलांडायचा तर घोडी बिचकते, गोल गोल फिरते, गाड्या हॉर्न वाजवतात. पुढे पोलीस मागे लागतात. एकटा असता तर डोंगर चढून सहज निसटला असता. घोडीला सोडवत नाही, म्हणून तिला ओढत, ढकलत, शिव्या देत त्या कड्यावरून वर नेतो. मधूनमधून एक ट्रक दाखवतात, संडासाची भांडी घेऊन चाललेला. त्याचा आणि याचा काय संबंध ते तेव्हा कळत नाही. शेवटी पावसात, रात्री, त्याच हायवेवर कळतं.

सगळ्या वहीत प्रत्येक काऊबॉयपटापुढे घोड्यांबद्दल शेरा आहे. इथे तारीख आहे, टॉकीज आहे, तिकीट आहे. शेरा: "घोडी गेली. घरी चालत आलो."

सडाफटिंग

...

आज रात्री हाच.

डॅलसकर_मावशी

खोगीर, वही जपून ठेवा हो. स्कॅन तरी करा.

माणदेशी_गडी

बाराखडी, तुमच्या सांगण्यावरून 'रेड रिव्हर' बघितला. एकट्यानं नाही, आमच्या तात्यांबरोबर. चुलते, वय ७८, सगळी हयात जनावरांत. खरसुंडीच्या बाजारात त्यांच्या शब्दावर खोंडाची किंमत ठरायची. इंग्रजी ओ का ठो नाही. लॅपटॉप वैरणीच्या गंजीजवळ बाजेवर ठेवला आणि लावला.

रात्रीचा प्रसंग आला. कळप बसलाय, जनावरं अस्वस्थ, माणसं हळू आवाजात बोलतायत. एक खादाड गडी चोरून साखर खायला गाडीत हात घालतो. तात्या मला म्हणाले, "भांडं पडणार बघ." पडलंच. सगळा कळप उठला आणि उधळला, त्यात एक पोरगं तुडवलं गेलं. तात्या गप्प झाले. मग म्हणाले, त्यांच्या लहानपणी बाजाराला निघालेला कळप रात्री वस्तीवर असाच बुजला होता, घमेलं वाजल्यामुळं. तेव्हापासून आमच्या गोठ्यात रात्री भांडी वाजवायची नाहीत असा दंडक आहे. मला वाटायचं, म्हातारीची झोप मोडते म्हणून असेल.

नदी उतरायचा प्रसंग त्यांनी दोनदा लावायला सांगितला. पुढचं जनावर कोण घालतंय ते बघायचं होतं. क्लिफ्ट त्यांना पसंत पडला, "पोरगं कमी बोलतंय आन् जनावराच्या अंगानं बघतंय." जॉन वेन आधी आवडला नाही. गड्यांवर बंदूक रोखतो, झोपत नाही, असल्या माणसाचं जनावर दूध देत नाही म्हणाले.

पण शेवटी वेन क्लिफ्टला मारायला येतो ते बघताना ताठ बसले. अ‍ॅबिलीन गावात सगळीकडं गुरं उभी, आणि तो त्या गुरांतनं सरळ चालत येतो. पाऊल हळू नाही, हात वर नाही, हाड नाही की हुड नाही. जनावरं आपोआप बाजूला होतात. तात्या म्हणाले, "ह्यो जनावरात वावरलाय." मी म्हटलं, तात्या, तो नट आहे. म्हणाले, "आसंल. जनावराला कुठं म्हाईताय."

मग दोघांची मारामारी, एक बाई येऊन दोघांना झापते आणि सगळं गोड. तिथं मात्र ते वैतागले. "आरं, येवढं हज्जार मैल चालून आल्यात. ह्यांची भांडणं चाललीत, पर जनावरास्नी पाणी कुणी दावलं?"

तात्यांनी विचारलंय, असला आणखी एखादा आहे का. गोळीबार कमी असला तरी चालेल.